खिडकीबाहेरचा गडी

आमच्या टीव्हीचा रंग शून्यावर आहे. सेटिंगमध्ये जाऊन मीच तो तिथे आणला, आणि नंतर कुणी वर नेला नाही. मम्मीच्या मालिकांमधल्या नवऱ्या राखाडी शालू नेसून बोहल्यावर चढतात. घरी आलेलं कुणीतरी म्हणतंच, टीव्ही बिघडलाय तुमचा, मेकॅनिकला दाखवा. मम्मी म्हणते, दाखवू.

हे पप्पांमुळे झालं. पप्पा एसटीत कंडक्टर होते, धुळे डेपोला. अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या त्यांच्या नेहमीच्या लाइनी. त्यांचा आवाज स्टँडच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचा. मी लहानपणी शाळेतून परत येताना स्टँडवरून जायचे तेव्हा ते 'पारोळा, पारोळा, पारोळा' म्हणत असले, तर मी मान खाली घालून भराभर चालायचे. माझी शाळा इंग्लिश मीडियमची होती आणि मला एकूणच कुणी मोठ्याने बोललेलं सोसत नसे. पप्पांना ते माहीत होतं. मी दिसले की ते तेवढ्यापुरते गप्प व्हायचे आणि मी वळणावरून गेले की पुन्हा सुरू.

लाइनवर जागं राहायला तंबाखू लागायची. डाव्या तळहातावर चुना, उजव्या अंगठ्याने मळणं, दोन टाळ्या, आणि मग समोर जो असेल त्याच्यापुढे हात. ड्रायव्हर, पॅसेंजर, पोलीस, कुणीही. आमच्याकडे ओळख अशीच होते. तो हात नाकारणं म्हणजे माणसाला नाकारणं.

गालाच्या आत फोड आला, तो बरेच दिवस राहिला, मग नाशिकला ऑपरेशन झालं. उजव्या बाजूचा खालचा जबडा काढला. जिभेचा तुकडा गेला. छातीवरची कातडी वर ओढून गालाच्या जागी शिवली. काही दिवसांनी त्या गालावर छातीचे केस उगवले, कुरळे आणि पांढरे. नर्सने एका सकाळी त्यांच्या हातात आरसा दिला, कुणाला न विचारता, जसा चहा द्यावा तसा. ते बराच वेळ बघत राहिले. मग काहीतरी म्हणाले. नर्सला कळलं नाही, मम्मीलाही कळलं नाही. मला कळलं. ते म्हणाले होते, "हाई कोन शे?" हे कोण आहे?

तेव्हापासून मी त्यांची दुभाषी झाले. त्यांचं बोलणं म्हणजे उतारावरून घरंगळत येणारे स्वर, मध्ये व्यंजनं जवळजवळ नाहीतच. मम्मीला निम्मं कळतं, काकांना अजिबात नाही. माझ्यासारख्या मुलीला, जी दुकानात गेली की वस्तूकडे बोट दाखवते, आता डॉक्टरपुढे, बँकेत, केमिस्टच्या दुकानात मोठ्याने सांगावं लागलं, "ते म्हणतात की..." माझी वाक्यं अजूनही अशीच सुरू होतात.

लोक बघायचे. लहान मुलं उघड बघायची, मोठी माणसं आधी बघून मग बघितलं नाही असं दाखवायची. पप्पा घरात बसायला लागले. उन्हाळा लागला तेव्हा मात्र त्यांना एक सवलत मिळाली. आमच्याकडे उन्हाचा चटका सुरू झाला की सगळं गाव तोंड बांधून फिरतं. बाया ओढणीने, पुरुष मोठ्या रुमालाने, डोक्यावरून गालावरून आणून मागे गाठ, फक्त डोळे उघडे. त्या दिवसांत भाजी बाजारात पप्पा इतरांसारखेच दिसायचे. ते दुपारी बारालाही बाहेर जायला तयार असायचे. मम्मी ओरडायची, "ऊन लागेल!" ते हात हलवून निघून जायचे.

एरवी दुपारी आम्ही खिडक्यांना ओले पडदे लावून, कूलर लावून अंधारात पडून राहतो. अशाच एका दुपारी, माझ्या शाळेला सुट्टी लागली होती (मी एका बालवाडीत शिकवते), पप्पांनी मला त्या पिक्चरचं सांगितलं.

ते शाळकरी असताना त्यांच्या गावात एका लग्नाच्या निमित्ताने व्हीसीआर आणि टीव्ही भाड्याने आणला होता. गावदेवीच्या ओट्यावर मांडला, माणसं खाली सतरंजीवर. आधी देवाधर्माचा पिक्चर झाला. मग ज्याने तो आणला होता त्याने चुकून की मुद्दाम कोण जाणे, एक इंग्रजी कॅसेट लावली. एक उंच गडी, अंगावर चिखल, चेहरा अर्धा वितळलेला, एका गिरणीच्या खिडकीबाहेर उभा. लोक त्याला 'भूतना पिच्चर' म्हणाले. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. पण कुणी उठलं नाही. गडी एकदाही बोलत नव्हता, त्यामुळे त्याचं सगळ्यांना कळत होतं. जे बोलत होते त्यांचंच कळत नव्हतं.

"शोधशीन का?" त्यांनी विचारलं.

मी शोधला. बरेच दिवस लागले, कारण नाव त्यांना माहीत नव्हतं आणि चिखल, गडी, गिरणी एवढ्यावर इंटरनेटने मला काय काय दाखवलं. शेवटी सापडला तो कलर होता. टीव्हीवर लावला. गडी हिरवा होता, शेवाळासारखा. रक्त आमच्या कुंकवाच्या डबीतल्यासारखं लालभडक. पप्पांनी मान हलवली.

"हाऊ तो नही."

"तोच आहे पप्पा. गिरणी बघा. ती खिडकी बघा."

"नही. तो काळा-पांढरा व्हता."

मला मग उलगडलं. गावात आणलेला टीव्ही काळा-पांढरा होता. सगळ्या गावाने तो पिक्चर तसा बघितला, आणि तो तसाच आहे असं मानून माणसं म्हातारी झाली. मी त्यांना हे सांगणार होते. त्याऐवजी रिमोट घेतला, सेटिंग उघडलं, रंग कमी करत गेले. पन्नास, तीस, दहा. हिरवा गडी करडा झाला. रक्त काळं झालं, मग ते रक्त राहिलंच नाही, ओल झाली नुसती.

पप्पा पुढे सरकून बसले. "हां," म्हणाले. "हाऊच."

त्यानंतर आम्ही खरे काळे-पांढरे बघायला लागलो. जुने, खूप जुने, ज्यांत काम केलेलं आता कुणीच जिवंत नसेल असे. मी शाळेत असताना मुली एकमेकींच्या घरी जमून नवीन हॉरर बघायच्या. मी एकदा गेले होते. त्यात काहीतरी अचानक आवाज करून अंगावर येतं, आपण किंचाळतो, मग हसतो, आणि घरी जाताना काहीही सोबत येत नाही. या जुन्यांमध्ये भीती वाटतच नाही म्हटलं तरी चालेल. डोंगर पुठ्ठ्याचा आहे हे दिसतं. धुक्यामागे पंखा आहे हे दिसतं. गड्याच्या मानेपाशी रबर कुठे संपतं आणि कातडी कुठे सुरू होते ती रेघ दिसते. आणि तरी हे पिक्चर इतकी वर्षं माणसं बघतायत. मला वाटतं ती रेघ दिसते म्हणूनच. आत एक माणूस आहे, त्याला त्या सोंगात उकडतंय, नीट चालता येत नाहीये, हे आपल्याला सतत दिसत राहतं. नव्या कॉम्प्युटरवरच्या राक्षसांच्या आत कुणीच नसतं.

राक्षस हा शब्दही मला तितकासा बरोबर वाटत नाही. आपला राक्षस मिशांवर ताव देतो, गडगडाटी हसतो, त्याला राज्य असतं, बायका असतात. भूत म्हणावं तर हे मेलेले नाहीत. पप्पा त्यांना 'गडी' म्हणतात. कामावर ठेवलेला माणूस म्हणतात तसं. "आज कोनता गडी शे?" ते दुपारी विचारायचे.

रंग नसण्याचा आणखी एक फायदा होता, जो आम्ही दोघांनी कधी बोलून दाखवला नाही. हॉस्पिटलमध्ये सगळं रंगीत होतं. नळीतून येणारं पिवळं, पट्टीवरचं लाल, मग तपकिरी, टाक्यांच्या कडेचं जांभळं. काळ्या-पांढऱ्यात जखम ही फक्त सावली असते.

मम्मी आमच्यात बसत नसे. एकदा दारात उभी राहून बघत म्हणाली, "घरमा एक शे तेवढा पुरे नही का?"

म्हणून झाल्यावर तिनेच तोंडावर हात ठेवला. पण पप्पा हसायला लागले. हसताना त्यांच्या ओठाच्या कडेने लाळ गळते, ती ते मांडीवरच्या नॅपकिनने टिपतात. टिपत हसत राहिले. म्हणाले, "तिकीट काढीसन बस मंग." मी मम्मीला सांगितलं, "ते म्हणतात, तिकीट काढून बस." मम्मी आत गेली. नळ बराच वेळ चालू होता.

बघता बघता पप्पांनी एक गोष्ट पकडली होती. हे पिक्चर गड्याचं तोंड एकदम दाखवत नाहीत. आधी सावली. मग हात. मग पाठ. बघणाऱ्याला हळूहळू तयार करतात, आणि तोंड येतं तेव्हा ते बघायचं बळ आलेलं असतं. "नर्सबाईनी बठ्ठा क्रम चुकाडा," ते म्हणाले. सगळा क्रम चुकवला.

आणि त्या चिखलाच्या गड्याच्या पिक्चरमध्ये, जो आम्ही पुन्हा पुन्हा लावायचो, एक जागा होती. गडी गिरणीच्या खिडकीबाहेर उभा राहतो. आत गिरणीवाल्याचं कुटुंब जेवतंय. तो काही करत नाही. काचेवर त्याच्या श्वासाची वाफ येते, तो ती हाताने पुसतो आणि बघत राहतो. आमचे पप्पा तेव्हा पातळ केलेलं वरण मोठ्या सिरिंजने घ्यायचे, भिंतीकडे तोंड करून. कुणी समोर असलं तर घ्यायचेच नाहीत. त्या जागेवर ते दर वेळी टीव्हीला म्हणायचे, "मझार बोलावा ना त्याले." आत बोलवा ना त्याला.

मे महिन्यात माझा बघण्याचा कार्यक्रम ठरला. स्थळ पारोळ्याचं, मुलगा जळगावला नोकरीला. काकांनी आणलं होतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी काका आले आणि पप्पांच्या समोर बसून मम्मीशी बोलले. पप्पांशी बोलायचं असलं की ते मम्मीशी बोलतात.

"वहिनी, मी त्यांना काही सांगितलेलं नाही. आजारी असतात एवढंच म्हटलंय. पहिल्याच भेटीत कशाला? एकदा पसंती येऊ द्या, मग सांगू सावकाश."

मम्मीने पप्पांकडे बघितलं नाही. "मग विचारलं तर?"

"जळगावला डॉक्टरकडे गेलेत म्हणू." मग ते पप्पांकडे वळले. आवाज उगाच चढवला, जसं पप्पांना ऐकूच येत नाही. "दादा, तू मझारच ऱ्हाय. मी शे ना. पोरीचं भलं होऊ दे."

पप्पांनी मान हलवली. हो अशी. माझ्याकडे बघितलं, मी उठून कूलरमध्ये पाणी ओतायला गेले. मला ते स्थळ हवं होतं की नको, हे मला स्वतःलाही ठरवता येत नव्हतं. पण पप्पांना काय हवं होतं ते मला माहीत होतं. ऑपरेशनला जाताना स्ट्रेचरवर त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, तेव्हा अजून त्यांना नीट बोलता येत होतं. म्हणाले होते, तुझ्या लग्नाच्या बैठकीत मी बसणार. व्याह्याच्या मांडीला मांडी लावून.

पाहुणे आले तेव्हा ऊन भाजत होतं. मुलगा, त्याची आई, त्याची मावशी, आणि त्याचे आजोबा, ज्यांना सगळे आबा म्हणत होते. आबा मोकळा माणूस होता. आल्या आल्या म्हणाले, "कूलर इकडे फिरवा थोडा, म्हातारा वाळला." काकांनी सांगितलं की दादा जळगावला गेलेत. मावशीने मला विचारलं, स्वयंपाक येतो का, आणि मी इतक्या हळू हो म्हणाले की तिने पुन्हा विचारलं.

पप्पांना मी आतल्या खोलीत टीव्हीसमोर बसवून आले होते, आवाज बंद करून.

चहा झाला. समोरच्या दाराला पडदा होता, ओला. त्यावर सावली आली.

मी ती बघितली आणि मला कळलं. मग पडद्याच्या कडेला हात आला. मग पडदा बाजूला झाला आणि एक माणूस पाठमोरा होऊन चपला काढू लागला. पप्पा स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर पडून, गल्लीला वळसा घालून, पुढच्या दाराने आले होते. तोंडाला रुमाल होता. उन्हातून आलेल्या कुठल्याही माणसासारखे ते आत आले, सगळ्यांना हात जोडले आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले.

काकांचा चेहरा उतरला. आबांनी विचारायच्या आत ते म्हणाले, "हे आमचे शेजारचे. एसटीत कंडक्टर होते."

"असं का!" आबा खूश झाले. "कोनती लाईन व्हती भाऊ?"

पप्पांनी हाताने पूर्वेकडे दाखवलं.

"घशाला त्रास आहे त्यांच्या," काका म्हणाले.

"पारोळा लाईन? मंग तर आमनाच मानूस ना तुमी!" आबांनी बंडीच्या खिशातून डबी काढली. "किती गाड्या चुकाड्या आमन्या तुमी." डाव्या तळहातावर चुना घेतला, अंगठ्याने मळलं, दोन टाळ्या दिल्या. खोलीत तो वास पसरला. तो आमच्या घरात कितीतरी दिवसांत आला नव्हता. मम्मी स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला टेकली. आबा हात पुढे करून म्हणाले, "घ्या. लाईनवरना मानूस, तंबाखूबिगर कसा ऱ्हाई?"

त्यांनी हे आपुलकीनेच केलं होतं, आणि एवढी आपुलकी त्या दिवशी खोलीतल्या दुसऱ्या कुणीच कुणाला दाखवली नव्हती.

हात पुढे राहिला. पप्पा त्याकडे बघत होते. नुसती मान हलवून नको म्हणता आलं असतं. घसा दुखतोय असं दाखवता आलं असतं, काकांनी वाट करूनच दिली होती. पप्पांनी मानेमागे हात नेला आणि गाठ सोडली. रुमाल एकदम काढला नाही. आधी कपाळावरून, मग डाव्या चांगल्या गालावरून, आणि मग बाकीचं. त्यांनी जमेल तेवढा वेळ दिला सगळ्यांना.

मावशीच्या तोंडून "अगं बाई" निघालं. मुलाने खाली बघितलं. त्याच्या आईने मुलाकडे बघितलं.

पप्पा बोलले. नेहमीसारखं ते कुणालाच कळलं नाही, आणि नेहमीसारखे सगळे माझ्याकडे वळले. मला कुणाकडे बघावं कळेना, म्हणून मी आबांच्या हाताकडे बघितलं, तळहातावरच्या त्या हिरवट चिमटीकडे.

"ते म्हणतात," मी म्हणाले, "मी हिचा बाप आहे."

या वेळी मावशीला पुन्हा विचारावं लागलं नाही.

आबांचा हात अजून तसाच होता. तो मागे कसा घ्यावा हे त्यांना कळत नव्हतं. तंबाखू झटकून टाकावी तर अपमान, द्यावी तर काय. त्यांनी एकदा पप्पांच्या गालाकडे बघितलं, एकदा हाताकडे, आणि मग, मला वाटतं दुसरं काहीच सुचलं नाही म्हणून, ती त्यांनी स्वतःच्या ओठाखाली ठेवली. ठेवल्यावर ते थांबले. थुंकायला उठले नाहीत. तशीच तोंडात धरून, डोळे खाली घालून बसून राहिले. पप्पा खुर्चीतून उठून त्यांच्या शेजारी दिवाणावर जाऊन बसले. मांडीला मांडी लागली. आबा सरकले नाहीत. पण मुलाची आई उठली होती, आणि ती उठल्यावर सगळेच उठले.

काही दिवसांनी काकांचा मम्मीला फोन आला. पत्रिका जुळत नाही म्हणाले. पत्रिका आधीच जुळवून झाली होती. फोन ठेवून मम्मी पप्पांपुढे जाऊन उभी राहिली. "समाधान झालं?" तिने विचारलं. पप्पांनी मान हलवली. हो अशी. तिला वाटलं ते चिडवतायत आणि ती रडली. मला माहीत होतं ते खरं उत्तर होतं.

त्यानंतर आणखी एका मध्यस्थाने विचारलं तेव्हा मीच बोलले. वडील बैठकीत बसतील, तोंड न बांधता, हे आधीच सांगा म्हणाले. तो म्हणाला, मग कठीण आहे ताई. मी म्हणाले, बरं. तो पुन्हा आला नाही, दुसरंही कुणी आलं नाही. मम्मी माझ्याशी कामापुरतं बोलते. तिचं चुकतं असं मला म्हणता येत नाही.

पाऊस आला, ऊन गेलं, सगळ्या शहराने तोंडं सोडली. पप्पांनीही रुमाल घडी करून ठेवला आणि तसेच बाजारात जायला लागले. लोक बघतात. ते उभे राहतात, पुरतं बघू देतात, मग पुढे जातात. दिवाळीनंतर मानेखाली गाठ लागली. डॉक्टरांनी हात फिरवून बघितलं आणि आता कापण्यासारखं काही नाही असं मला इंग्रजीत सांगितलं. पप्पा म्हणाले, "काय म्हने?" मी भाषांतर केलं. सगळं केलं, काही गाळलं नाही.

आता सूज जिभेपर्यंत आली आहे आणि मलाही त्यांचं पुष्कळसं कळेनासं झालंय. पाणी म्हणतात की पाठ, हे मला विचारून घ्यावं लागतं. काही वेळा ते तीनदा म्हणतात आणि मग सोडून देतात. दुपारी मी गडी लावते. हल्ली मम्मी येऊन बसते, त्यांच्या पायाशी, त्यांची सिरिंज आणि वाटी मांडीवर घेऊन. तेही आता भिंतीकडे वळत नाहीत. पिक्चर तिला कळतो की नाही माहीत नाही, विचारत नाही. मग गिरणी येते, खिडकी येते, काचेवर वाफ येते. पप्पा काहीतरी म्हणतात. मम्मी माझ्याकडे वळून बघत नाही. तिथे ते काय म्हणतात ते तिलाही पाठ झालंय.